लाभ, दोन, तीन

"लाभ," म्हातारी म्हणाली.

आकारामनं काळ्या काचेच्या फटीतून बघितलं. सत्तरीकडं झुकलेली, नऊवारी नेसलेली एक बाई खांबाला धरून उभी होती. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा होता. खांबावरच्या पेटीचं बटण तिनं अंगठ्यानं दाबलं होतं, ते पण कागदावर अंगठा उठवतात तसं, चांगलं दाबून धरून. आता ती मोठ्यानं मोजत होती. "दोन... तीन... चार..."

एकच्या जागी लाभ म्हणणारं माणूस आकारामला बऱ्याच वर्षांनी भेटलं. लहानपणी पेठ वडगावच्या बाजारात जोंधळा मोजणारे असंच मोजायचे. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, आणि पुढं दोन, तीन सरळ. त्याला मजा वाटली आणि तोही मनात तिच्याबरोबर मोजायला लागला. त्या दिवशीच्या चिठ्ठीवर दहाचा आकडा होता. म्हातारीचं "धा" आणि त्याच्या घड्याळातले दहा सेकंद बरोबर एकदम भरले. त्यानं खटका खाली ओढला. गाड्यांना लाल दिवा लागला, केरबा हवालदारानं शिट्टी मारली, रिक्षा, स्कूटरी कुरकुरत थांबल्या.

"शाणं हाय की," म्हातारी खांबाला म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

ते शहाणं म्हणजे आकाराम कांबळे. वय एक्कावन्न, धंदा वायरमन.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत त्यानं सव्वीस वर्षं काढली होती. फाउंड्री बंद पडली आणि तो मिळेल ते फिटिंगचं काम करत हिंडू लागला. दोन हजार सहा सालच्या जानेवारीत त्याला हे काम मिळालं, आणि असलं काम कोल्हापुरात आधी कुणी केलं नसावं. राजारामपुरीत मेन रोडवर, दवाखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, एसटीडीचं एक पिवळं खोकं बंद पडून होतं. घरोघरी मोबाईल आल्यावर त्यात कुणी जात नव्हतं. त्याच्या काचांना काळा कागद चिकटवून आकारामला आत बसवलं होतं. समोर खटका, वही, घड्याळ आणि पाण्याची बाटली.

बसवलं होतं ते संयोगिता मॅडमनी. मुलगी मूळची इथलीच, शिकायला पुण्याला गेली आणि तिथंच एका संशोधन संस्थेत लागली. माणसं यंत्रांशी कशी वागतात हे बघणं हा तिचा अभ्यास.

"काका, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत रस्त्यावर असं मशीन येणार, ते माणूस ओळखेल," तिनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "कोण उभं आहे, किती घाईत आहे, म्हातारं आहे का, सगळं बघून ते सिग्नल सोडेल. ते मशीन अजून बनलेलं नाही. पण बनवायच्या आधी आम्हाला बघायचंय, लोक त्याच्यावर कितपत विश्वास ठेवतील, किती वेळ थांबतील."

"मग ह्यात आत्ता काय हाय?"

"आत्ता तुम्ही आहात. लोकांना वाटलं पाहिजे मशीन आहे. तोवर मशीन तुम्ही."

त्यानं कागदावर सही केली होती. प्रयोग संपून अहवाल येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. बायकोलासुद्धा नाही. शालूला त्यानं सांगितलं, सिग्नलची देखरेख आहे. ते काही खोटं नव्हतं.

रोज सकाळी मॅडमची चिठ्ठी यायची. आज आठ. आज वीस. आज पस्तीस. कुणी बटण दाबलं की तेवढे सेकंद थांबून खटका ओढायचा आणि वहीत लिहायचं, थांबला की वैतागून मधूनच निघून गेला. पस्तीसच्या दिवशी कॉलेजची पोरं खांबाला लाथा घालायची. एका वकिलानं बटण अकरा वेळा दाबलं आणि मग मशीनला आईवरून शिवी दिली. ती आकारामला खोक्यात बसून मुकाट खावी लागली. मशीनला उलट बोलता येत नाही.

पेटीत एक गोष्ट मात्र त्यानं स्वतःच्या डोक्यानं बसवली होती. बटण दाबलं तरी काहीच कळायचं नाही, म्हणून लोक पुन्हा पुन्हा दाबत होते. त्यानं आत एक सेल आणि जुन्या टेबलफॅनमधला खटका घालून अशी जोडणी केली, की बटण दाबलं की "टिक" आवाज यायचा. मॅडमना ते फार आवडलं. त्यांनी त्याचा फोटो काढला. सव्वीस वर्षं आकारामचं काम भिंतीच्या आत गेलं होतं. कुणी बघून बरं म्हटलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

म्हातारीचं नाव तानाबाई आहे, हे त्याला विठाबाईमुळं कळलं. विठाबाई खांबाच्या बुडाशी केळी घेऊन बसायची आणि तिचा आवाज काचेतून काय, भिंतीतूनही आला असता. तानाबाई पलीकडच्या खानावळीत भांडी घासायला होती. अकराला जायची, चारला परतायची. दुसऱ्याच दिवशी विठाबाईनं तिला हटकलं.

"काय वो तानाबाई, मोजताय काय? वर हिरवा दिवा लागतोय की. त्यो बघून जावा."

तानाबाई जरा जवळ सरकली. आकारामनं कान काचेला लावला.

"दिवा मला कुठला दिसतोय? नुसता उजेड दिसतोय भप्प. मोतीबिंदू पिकलाय दोन्हीकडं. म्या आपली मोजते. धा म्हटलं की ह्ये सोडतंय बघ."

"मग ऑप्रेशन करा की."

"दिवाळी झाल्यावर करूया म्हनतोय जावई. आनि तू हितं बोंबलू नगं. खानावळीत कळलं, तर उद्या भांड्याला दुसरी बाई बसंल. चाळीस वर्सं वडगावच्या बाजारात पायलीनं मापं घातलीत म्या. आता लेकीच्या दारात नुसतं बसून खायाचं काय?"

आकारामनं त्या दिवशीची चिठ्ठी बघितली. वीस होते. पण म्हातारी तर आता दहाला पाय उचलणार. त्यानं घड्याळ उलटं करून ठेवलं आणि तिच्या तोंडाकडं बघत मोजलं. लाभ, दोन, तीन. दहाला खटका ओढला.

त्यानंतर चिठ्ठीवर आठ असो की पस्तीस, तानाबाईचे दहाच. शिवाय ती पलीकडच्या फुटपाथला लागेपर्यंत तो खटका वर करायचा नाही. केरबा हवालदार त्याच्या खोक्याकडं डोळे वटारून बघायचा, कारण मागची गाड्यांची रांग पार पुढच्या गल्लीपर्यंत जायची.

चौकात बोलबाला झाला. म्हातारीचा हात लागला की मशीन लगेच सोडतंय. मशीन तिला ओळखतंय. पस्तीसच्या दिवशी उन्हात ताटकळलेली माणसं तानाबाई आली की म्हणायची, "आज्जी, दाबा, तुमचंच ऐकतंय ते." ती अंगठा दाबायची आणि सगळे तिच्याबरोबर पार व्हायचे. खानावळीत तिला कुणी विचारत नसावं, लेकीकडंही फारसं नसावं. इथं मात्र ती रोज दोनदा तोऱ्यात रस्ता ओलांडायची. जाताना पेटीवर हात ठेवून म्हणायची, "बरं हाय देवा. येते चारला."

आकाराम दर रविवारी विहारात जाणारा माणूस. देव मानायचा नाही, हे त्याच्या बापानं छप्पन्न साली ठरवलं होतं आणि त्यानं ते पाळलं होतं. आता रोज अकराला आणि चारला कुणीतरी त्याला देवा म्हणत होतं. त्याला आधी अवघडल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. खरं सांगायचं तर मग तो वाट बघायला लागला.

महिन्यानं मॅडम वह्या बघायला आल्या. खोक्यातच दाटीवाटीनं स्टुलावर बसून पानं चाळताना त्यांचं बोट थांबलं.

"काका, ही नऊवारी, स्टीलचा डबा. हिला रोज दहाच? पस्तीसच्या दिवशी पण दहा?"

"मॅडम, तिला दिसत न्हाय. ती मोजती. धाला चालाय लागती."

मॅडम हसल्या. "म्हणजे मशीनची सवय तिला लागली नाही. तिची सवय मशीनला लागली."

"चुकलं काय माझं?"

"चुकलं असं नाही. पण आकडे बिघडतात ना. सगळ्यांना सारखा नियम लावला, तरच त्याला अर्थ." त्यांनी थोडा विचार केला. "एक करते. हिला नोंदीतून वगळते. म्हणजे तुम्ही तिला दहा द्या की पाच द्या, आपल्याला फरक पडणार नाही."

"व्हय, वगळा की," आकाराम म्हणाला. त्याला मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्या दिवशी घरी जाताना त्यानं विठाबाईकडनं अर्धा डझन केळी घेतली, आणि शालूनं विचारलं तर म्हणाला, उगीच.

मार्चच्या मध्यावर प्रयोग संपला. शेवटच्या दिवशी मॅडमनी त्याला एक शर्टपीस आणि पेढ्यांचा पुडा दिला. केरबाची ड्युटी उद्यापासून दुसऱ्या चौकात लागली. दिव्यांच्या तारा सोडवून आकारामनं खोक्याला कुलूप घातलं.

"खांब?" त्यानं विचारलं.

"पुढच्या आठवड्यात गाडी येईल, तेव्हा उपटून नेऊ. पेटीतलं काही काढायचं असेल तर काढून घ्या."

पेटीतला सेल काढायला दोन मिनिटं लागली असती. स्क्रू ड्रायव्हर त्याच्या खिशातच होता. तो पेटीपाशी गेलाही. पण चार वाजत आले होते आणि समोरून तानाबाई येत होती. तिच्यासाठी आज शेवटचा खटका आकारामच्या खुणेवर केरबानंच शिट्टी मारून भागवला. तिनं बटण दाबलं, टिक वाजलं, तिनं मोजलं, गाड्या थांबल्या, ती गेली. "बरं हाय देवा. येते उद्या."

तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तिला दिसला नाही.

सेल त्यानं काढला नाही. म्हातारी उद्या येऊन अंगठा दाबेल आणि आवाजच येणार नाही, हे त्याला बघवेना. म्हटलं, उद्या अकराला आपणच इथं थांबू, तिला नीट सगळं सांगू आणि मग काढू. मॅडमच्या कागदाचं काय व्हायचं ते होईल.

संध्याकाळी कुरुंदवाडहून निरोप आला. एका लग्नघराचा वायरमन ऐनवेळी आजारी पडला होता. मांडवापासून माडीपर्यंत सगळी माळ लावायची होती, तीन दिवसांचं काम. सकाळी सहाच्या गाडीनं निघायला पाहिजे होतं. त्याच्या मनात आलं, जाता जाता विठाबाईला सांगून ठेवावं. पण विठाबाई विचारणार, मशीन बंद झालं हे तुला कसं ठाऊक? मग सगळंच सांगावं लागणार, आणि तिला सांगितलं म्हणजे राजारामपुरीला सांगितलं. आणि सहाला विठाबाई कुठली आलीय केळी घेऊन? त्यानं स्वतःची समजूत काढली की दिवा लागला नाही तर म्हातारी थांबेल, कुणाला तरी विचारेल. तिला दिवा दिसत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी त्यानं अशी समजूत काढली आणि तो गेला.

चौथ्या दिवशी दुपारी तो परतला आणि घरी न जाता सरळ चौकात आला. खांब जागेवर होता. विठाबाई जागेवर होती, पण तिचा आवाज बसला होता.

"त्या तानाबाईचं कळलं काय? टेम्पोनं उडिवली. मशीन बंद पडल्याच्या दुसऱ्याच दिशी, अकराला. मला वाटलं थांबंल. दाबलं, मोजलं, आनि सरळ चालाय लागली की वो. म्या वरडले, पर ती आपल्या मोजण्यात."

आकारामनं विचारलं, "टिक वाजलं व्हतं काय?"

"आं?"

"दाबल्यावर. आवाज आलता काय?"

"व्हय की. टिक वाजलं. म्हनून तर."

त्यानं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पेटी उघडली. चारही स्क्रू काढले. सेल काढून शर्टाच्या खिशात घातला आणि पेटी परत बंद केली. विठाबाई बघत राहिली. हा कोण आणि याला पेटी उघडता कशी येते, हे तिनं विचारलं नाही.

सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात शेवटची खाट होती. कंबरेपासून खाली सगळं बांधलेलं. लेक डबा आणायला गेली होती. आकाराम खाटेपाशी जाऊन उभा राहिला, तसं तानाबाईनं तोंड त्याच्याकडं वळवलं.

"कोन पावणं?"

"चौकातला हाय. रोज बघत हुतो तुमाला."

"बसा की. स्टूल आसंल बघा कुठं तरी." ती थोडं थांबून थांबून बोलत होती. "मशीनचं काय झालं वो? नीट हाय न्हवं?"

आकारामनं स्टूल ओढून घेतलं.

"त्येचा काय दोष न्हाय बघा," तानाबाई म्हणाली. "पोलीस आलता लिवून घ्यायला. त्येलाबी म्या सांगितलं, मशीन चुकलं न्हाय, म्याच चुकले. लई इमानी व्हतं ते. इतक्या दिसात एकदाबी धाचं अकरा केलं न्हाय. त्या दिशी मला घाई झालती. गडबडीत लाभ म्हनायचं इसारले आसंन. एक म्हटलं आसंन. मापाला एक म्हटलं की बरकत जाती. चाळीस वर्सं ह्या तोंडातनं एक गेला न्हाय, आनि त्या दिशीच गेला आसंन बघा."

"तानाबाई," तो म्हणाला. "त्यात मशीन नव्हतं. त्या पिवळ्या खोक्यात मी बसत हुतो. तुमी मोजत हुता, मी बी मोजत हुतो. धाला मीच खटका वडत हुतो."

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी कण्हत होतं. मग तिनं चादरीतून हात काढला आणि त्याचा हात चाचपून धरला. बोटं एकेक करून बघितली, जोंधळा हातात घेऊन बघतात तशी.

"तुमी रोज माझं मोजत हुता?"

"व्हय."

"लाभापासनं?"

"लाभापासनं."

"आनि मी खांबाला शाणा म्हनत हुते." तिला हसू आलं असावं, पण त्यानं कंबरेत कळ आली आणि ती थांबली. मग लग्नाला न आलेल्या पाहुण्याला विचारावं, तशा साध्या आवाजात तिनं विचारलं, "मग त्या दिशी कुठं गेलतासा वो?"

"कुरुंदवाडला. काम लागलं."

"व्हय काय," तानाबाई म्हणाली. "लांब हाय."

तिनं त्याचा हात लगेच सोडला नाही. लेक डबा घेऊन आली तेव्हा तो उठला. लेकीनं विचारलं, हे कोण? तानाबाई म्हणाली, "वळखीचं हायत."

आठव्या दिवशी ती गेली. आकारामला ते विठाबाईकडून कळलं. त्यानं पुण्याला फोन लावला. मॅडम रडायला लागल्या. दुसऱ्याच दिवशी गाडी आली आणि खांब उपटून नेला. मॅडम स्वतः आल्या होत्या, तानाबाईच्या लेकीला जाऊन भेटल्या, सगळं सांगितलं. लेक म्हणाली, आता काय उपयोग. खांबाच्या जागी सिमेंट ओतलं. विठाबाई तेवढी जागा सोडून पलीकडं बसू लागली.

दिवाळीनंतर पुण्याहून पाकीट आलं. अहवाल इंग्रजीत होता. आकारामची थोरली, दीप्ती, बारावीला होती. तिनं पंख्याखाली बसून एकेक ओळ लावून सांगितली. भविष्यातली वाहतूक, नागरिक आणि यंत्र. पुढं आभारात त्याचं नाव होतं, तिथं तिनं बोट ठेवलं. "पप्पा, आकाराम कांबळे. छापून आलंय." शालू कौतुकानं जवळ आली.

"म्होरं वाच."

"पुढं तक्ता आहे. नोंद घेतलेले पादचारी, चार हजार एकशे अठरा. सरासरी थांबण्याची तयारी, एकोणीस सेकंद. अपघात, शून्य."

"शून्य?"

"प्रयोगाच्या काळात, असं लिहिलंय." ती पुढं सरकली. "वगळलेले, एक."

आकाराम भिंतीला टेकून बसला होता. तो सरळ झाला.

"एक म्हनू नगं."

"इथं एकच लिहिलंय पप्पा."

"लिवू दे. तू लाभ म्हन."

दीप्तीला काही कळलं नाही. तिनं आईकडं बघितलं, आईलाही काही कळलं नव्हतं. मग बापाच्या तोंडाकडं बघून ती हळूच म्हणाली, "वगळलेले, लाभ."

"हं," आकाराम म्हणाला. "म्होरं?"

पुढं काही नव्हतं. तक्ता तिथंच संपला होता.